सहाशे ताटल्या कोण घासणार

सान मार्सियाल गावात दोन गोष्टींवर कधी वाद होत नाही. आमच्या वाजंत्र्यांसारखं सबंध डोंगरात कुणी वाजवत नाही आणि खालच्या वाडीच्या झऱ्यासारखं पाणी कुठं मिळत नाही. बाकी सगळ्यावर वाद होतो. पावसाळ्यात संध्याकाळी दुसरं करायला असतं तरी काय?

तर ही त्या झऱ्याचीच गोष्ट. झरा घळीच्या तोंडाशी आहे आणि घळ सुरू होते वर, देवळाच्या पाठीमागे. देवाचा उत्सव जूनच्या शेवटी, ऐन पावसात. तीन दिवस अख्खं गाव जेवतं, शेजारची चार गावं जेवतात आणि गेली दहा-बारा वर्षं सगळेजण थर्माकोलच्या प्लेटांत जेवतात. जेवण झालं की प्लेट घळीत, पाऊस आला की घळीतून खाली. गेल्या वर्षी त्या प्लेटा झऱ्याच्या टाकीत अशा ठासून बसल्या की नऊ दिवस पाण्याला वास येत होता. खालच्या वाडीत पोट न बिघडलेलं एक पोर सापडलं नसतं. तेव्हा पाणी समितीनं सांगून टाकलं, "आणखी एकदा असं झालं तर झरा सिमेंट ओतून बंद. वरच्या टाकीतून तीन दिवसांनी एकदा पाणी सोडू, तेवढ्यात भागवा."

सेनाइदाचं घर झऱ्यापासून तीस पावलांवर. सोळा वर्षांची पोरगी, त्याच पाण्यावर वाढलेली. झरा बंद होणार हे ऐकल्यापासून वर्षभर ती रोज टाकीत डोकावून यायची. बाप तोबियास म्हणायचा, "होईल काहीतरी." मोठी माणसं नेहमी असंच म्हणतात आणि मग काहीही होत नाही.

यंदा शाळेत शहरातून एक बाई आल्या होत्या. तरुणांनी आपलं म्हणणं कसं मांडावं, हे त्यांनी दोन दिवस शिकवलं. आधी नीट लिहून काढा, मग सह्या गोळा करा, मग ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला नेऊन द्या. बाई भल्या होत्या, शिकवलं तेही बरोबरच होतं. फक्त सान मार्सियालमध्ये त्या दोनच दिवस राहिल्या.

सेनाइदानं लिहिलं. तिचा चुलतभाऊ फिदेन्सियो गावाच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान, त्यानं पहिली सही ठोकली आणि ती एवढी मोठी ठोकली की खाली तिघांची जागा गेली. आठवड्याभरात एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या, सगळ्या पोरापोरींच्या. मागणी एकच होती, यंदा उत्सवात थर्माकोल नको, घरोघरच्या ताटल्या वापरू. निर्णय कुणाच्या हातात, तर उत्सवाच्या यजमानाच्या. दरवर्षी गावातलं एक घर सगळा उत्सव आपल्या अंगावर घेतं. यंदा मान एलेउतेरियोकाकाचा होता. अकरा वर्षं नंबर लावून बसला होता बिचारा, दोन बैल त्यासाठीच पोसले होते. सेनाइदा आणि फिदेन्सियो त्याच्या दारात गेले, कागद हातात दिला, "वाचून बघा काका," म्हणाले आणि उड्या मारत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलेउतेरियोकाकाचं दार बंद. बायको आत रडत होती. काकानं निरोप धाडला होता, "गावाला मी नको असेन तर दुसरा यजमान शोधा. बैल घेऊन जा, मला त्यांचं तोंडही बघायचं नाही."

उत्सवाला महिना राहिलेला. गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्या गावात 'आम्ही खाली सह्या करणारे' असा कागद एकाच कामासाठी निघतो, माणसाला त्याच्या पदावरून काढायचं असतं तेव्हा. सहा वर्षांपूर्वी तसाच कागद काढून समितीच्या एका माणसाला घरी बसवलं होतं. तो अजून बाजारात मान वर करून चालत नाही. एलेउतेरियोकाकानं 'आम्ही खाली' एवढं वाचलं, पानभर सह्या बघितल्या आणि कागद घडी करून ठेवून दिला. पुढं वाचायचं होतं काय? समजायचं ते समजलं होतं!

तोबियास तसा शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज झऱ्यापर्यंत ऐकू आला. "अगं, कागद सरकारला देतात! सरकारला तोंड नसतं, कान नसतात, म्हणून देतात. माणसाशी माणसानं बोलायचं असतं. तू एलेउतेरियोच्या अंगणात खेळलीस, त्याच्याकडची भाकरी खाल्लीस, आणि त्याला कागद देतेस?"

"बाबा, त्यात त्याच्याविरुद्ध एक शब्द नाही."

"नसेल. पण त्यानं दोन घास खाल्लेले नाहीत कालपासून."

सेनाइदाला रडू आलं. तिला खरोखर काकाचं वाईट वाटलं होतं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं की आता झरा गेला. रागावलेला माणूस कशाला ऐकेल?

मग घरच्यांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. टोपलीत अंडं घातलेले पाव, वर चॉकलेटच्या वड्या, फुलं, दोन मेणबत्त्या आणि मेस्काल दारूची एक बाटली. आणि बोलायला सिरिलो आजोबा. लग्नाची मागणी असो की रुसवा काढणं, गावाच्या वतीनं बोलायचं ते सिरिलो आजोबांनी. उत्सवात लाउडस्पीकरवरही तेच असतात. एकदा बोलायला लागले की कोंबड्यासुद्धा झोपतात, पण त्यांना नाही म्हणायची छाती कुणाची होत नाही.

एलेउतेरियोकाकानं दार उघडलं. कॉफी आली. आधी मक्याची गोष्ट झाली, मग कुणाच्या तरी गुडघ्याची. सिरिलो आजोबांनी पूर्वजांपासून सुरुवात करून पाऊण तासानं गाडी सेनाइदापर्यंत आणली आणि म्हणाले, "लेकरू चुकलं. लेकराला तुमच्याकडं काही मागायचं आहे. मागणं चुकीचं नाही, मागायची रीत चुकली." मग तिला कोपर मारलं. "बोल आता."

सेनाइदा पाठ केलेलं सगळं विसरली. "काका, मला तुम्हीच यजमान पाहिजेत," ती म्हणाली. "फक्त झरा राहू दे. प्लेटा टाकीत गेल्या की तो बंद करणार आहेत. मला दुसरं काही नको."

काकानं घडी घातलेला कागद आणून टोपलीशेजारी ठेवला. "एवढंच होतं कागदात?"

"एवढंच."

"मग आधी सांगायला काय झालं होतं गं? माझी दोन दिवस झोप उडवलीस!" आणि त्यानं बाटलीचं बूच काढलं. काकू आतून डोळे पुसत आल्या आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण काका पुढं म्हणाला, "माझी ना नाही. पण स्वयंपाकघर माझं नाही, ओब्दुलियाचं आहे. ती हो म्हणाली तर माझं हो."

ओब्दुलियामावशी उत्सवाची मुख्य स्वयंपाकीण. तिच्या हाताखाली तीस बायका, आणि तिच्या शब्दाबाहेर मीठही पडत नाही. सेनाइदा पुन्हा टोपली घेऊन गेली, सोबत फिदेन्सियो. मावशीनं टोपली घेतली, बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ताटल्या सहाशे. तीन दिवस. दिवसातून दोनदा. घासणार कोण?"

खरं सांगायचं तर हा विचार सेनाइदाच्या डोक्यातच आला नव्हता. एकशे त्रेचाळीस जणांपैकी एकाच्याही नाही.

"तुला सांगते," मावशी म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांचे सांधे सुजलेले, वाकडे. "प्लेटा आल्या त्या वर्षी उत्सवात दुपारी मी अर्धा तास पाठ टेकली. आयुष्यात पहिल्यांदा. झरा तुमचा आहे, मान्य. पण पाठ माझी आहे. तुमच्या झऱ्यासाठी माझ्या बायकांनी पुन्हा राखेत हात घालायचे, आणि टाळ्या तुम्हाला?"

सेनाइदाची मान खाली गेली. तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं मान वर केली. "आम्ही घासू मावशी. तुमच्या एकाही बाईचा हात खरकट्या ताटलीला लागणार नाही."

"आम्ही म्हणजे पोरीच ना?"

"पोरं पण!" मागून फिदेन्सियो छाती काढून म्हणाला. "आम्ही सगळे. माझा शब्द."

मावशीनं त्याला खालून वर बघितलं. "तुझा शब्द. बरं. एलेउतेरियोनं प्लेटांची पोती आधीच आणून ठेवली आहेत. ती माझ्या कोठीत राहतील, बांधलेलीच. ज्या क्षणी माझ्या बाईला ताटली घासावी लागेल त्या क्षणी पोतं उघडीन, आणि मग पुन्हा ह्या गावात कुणी ताटलीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," सेनाइदा म्हणाली. आणखी काय म्हणणार?

मग महिनाभर पोरं घरोघर फिरली. कुणी दहा दिल्या, कुणी सहा. एका आजीनं चारच दिल्या, वर शंभर सूचना. बहुतेक इनॅमलच्या ताटल्या, कडेला टवके उडालेल्या, आणि प्रत्येकीच्या बुडाला नेलपॉलिशची खूण, कुणाचा लाल ठिपका, कुणाचं हिरवं फूल. त्याशिवाय बायका ताटली दारातून बाहेर सोडत नाहीत. खरकटं डुकरांना जाणार होतं. धुण्याचं पाणी घळीत जाऊ नये म्हणून पोरांनी मक्याच्या शेताकडच्या बाजूला खड्डा खणला. साबण नको, राख आणि घोसाळ्याची जाळी, हे मात्र मावशीनंच सुचवलं. अर्थात मदत करतेय असं न दाखवता.

पहिला दिवस मजेत गेला. बैलाच्या रश्श्याचं जेवण, पातळ रस्सा, काही चिकटत नाही, ताटल्या पटापट निघाल्या. पोरांनी एकमेकांच्या तोंडाला राख फासली. दुसऱ्या दिवशी दुपारी असा पाऊस कोसळला की बास्केटबॉलच्या मैदानाचं तळं झालं, आणि अंतिम सामना तिसऱ्या दिवशी दुपारी तीनवर गेला. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशीचं मोठं जेवण संपतं अडीचला.

तिसऱ्या दिवशी पिवळ्या मोलेचं जेवण. मिरची, मसाला, मक्याच्या पिठाचा घट्ट रस्सा. ताटलीला धरला की सोडत नाही. सेनाइदानं हात धुऊन वळून बघितलं तर पाण्याच्या पिंपांच्या शेजारी सहाशे ताटल्यांचे ढीग, आणि घासायला तिच्यासकट पाचजणी. पोरं नाहीत. पोरं कुठं असणार? शेजारच्या सान हासिंतो गावाच्या संघाशी अंतिम सामना, जिंकणाऱ्याला गोऱ्हा बक्षीस. खेळणारे मैदानात, न खेळणारे कठड्यावर ओरडायला. उरलेल्या पोरीही तिकडंच.

"येतील," एक मैत्रीण म्हणाली.

"कधी? वाजंत्री आणि पाहुणे सात वाजता जेवून निघणार. त्यांना कशात वाढायचं?"

पाचजणींनी सुरुवात केली. अर्ध्या तासात पन्नास ताटल्या झाल्या. सेनाइदाच्या बोटांना राख झोंबायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात ओब्दुलियामावशी येऊन उभी राहिली. तिच्यामागं दोन बायका बाह्या सरसावून. मावशीनं त्यांना हातानं थांबवलं. ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. ती थकलेली दिसत होती, आणि जे होणार असं तिला आधीच ठाऊक होतं तेच झालं म्हणून थोडी दुःखी.

"तासभर थांबते," ती म्हणाली. "मग वाजंत्र्यांना उपाशी ठेवता येणार नाही मला."

म्हणजे पोतं उघडणार. म्हणजे पुन्हा प्लेटा, पुन्हा घळ, पुन्हा टाकी, आणि मग सिमेंट. सेनाइदा उठली, ओल्या हातांनीच मैदानाकडं निघाली. वाटेत तिच्या मनात एकेकाचं नाव घेऊन त्यांना सगळ्यांसमोर सोलून काढायचं होतं. सह्यांची यादी तिला तोंडपाठ होती. पण यादी म्हटल्याबरोबर तिला एलेउतेरियोकाकाचं बंद दार दिसलं आणि तिची चाल जरा मंदावली.

सिरिलो आजोबा लाउडस्पीकरवर रंगात आले होते. गुण बरोबरीत होते. "आजोबा, मला दोन मिनिटं द्या."

"सामना चालू असताना? पोरी, मला ह्या वयात गाव सोडायला लावतेस काय?"

"आजोबा, मागायचं आहे. भांडायचं नाही."

म्हाताऱ्यानं तिच्या हातांकडं बघितलं, कोपरापर्यंत राख आणि मोले. त्यांनी माइक तिच्यापुढं धरला आणि पंचाला शिट्टी मारायची खूण केली.

"मी तोबियासची सेनाइदा," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज डोंगरावरून परत आलेला ऐकून दचकली. "पाहुण्यांनो, माफ करा. आज सगळे ज्या ताटल्यांत जेवलात त्या घासायच्या आहेत. आम्ही पाचजणी आहोत, ताटल्या सहाशे आहेत. ओब्दुलियामावशीला आम्ही शब्द दिलाय की तिच्या बायकांचा हात लागणार नाही. शब्द मोडला तर पुन्हा प्लेटा येतील आणि आमचा झरा जाईल. मला खेळ बंद पाडायचा नाही. फक्त आधी भांडी होऊ देत. फिदे, तू माझ्याशेजारी उभा राहून शब्द दिला होतास. चल ना रे."

फिदेन्सियोच्या हातात चेंडू होता. त्याचे कान असे लाल झाले की शेवटच्या पायरीवरूनही दिसत होते. एवढ्यात वरून कुणीतरी म्हातारी ओरडली, "आता का रे गप्प? सही तर एवढी मोठी करतोस!" आणि हशा पिकला.

सान हासिंतोच्या कप्तानानं येऊन फिदेन्सियोच्या हातातला चेंडू काढून घेतला, काखेत मारला. "चला," तो म्हणाला. "जेवलो तर आम्ही पण. आणि तुम्ही गेल्यावर आम्ही इथं एकटे खेळणार कुणाशी?"

त्यानंतर जे झालं ते बघायला अख्खं मैदान पिंपांपाशी आलं. दोन्ही संघ चड्डी-बनियनवर उकिडवे बसलेले. सात नंबर राख लावतोय, अकरा नंबर घासतोय, सान हासिंतोचा पाच नंबर विसळतोय. कठड्यावरची पोरं लाजेनं पाणी वाहत होती. पंचाच्या गळ्यात शिट्टी तशीच, हातात फडकं. एलेउतेरियोकाका यजमान, उत्सवात त्यानं काडी उचलायची नसते, म्हणून तो हात मागं बांधून फिरत होता आणि चुळबुळ करत होता. मावशीच्या तीस बायका दारात हाताची घडी घालून उभ्या. बघण्यात त्यांना जी मजा येत होती ती लपत नव्हती.

"ए चार नंबर," ओब्दुलियामावशी ओरडली, "कड राहिली! तुझ्या घरी चालतं का असं?"

"नाही मावशी."

"मग इथं का चालवतोस?"

पाऊण तासात शेवटची ताटली पालथी पडली. फिदेन्सियो उठला, सेनाइदाच्या समोर आला आणि त्यानं हातातली जाळी तिला परत दिली. "जा, खेळ," ती म्हणाली. "आणि हरू नकोस, नाहीतर सगळे मला बोलतील." पोतं बांधलेलंच राहिलं. सेनाइदाला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला ओल्या फरशीवर बसावंसं वाटलं, आणि ती बसलीच.

गर्दी पुन्हा मैदानाकडं वळली. मावशी मात्र तिथंच उभी. भांडी झालेली, रात्रीचा रस्सा चुलीवर, वाजंत्र्यांच्या जेवणाला अजून दोन तास. करण्यासारखं काहीच नव्हतं आणि तिला ते जमत नव्हतं. तिनं कमरेच्या फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले.

"मावशी, चला की," सेनाइदा म्हणाली.

"कुठं?"

"सामना बघायला."

"मी?" मावशी हसली. पण निघाली. पायऱ्यांवर लोकांनी सरकून तिला पहिल्या रांगेत जागा दिली. ती अगदी कडेला बसली, आत्ता कुणी हाक मारली तर उठता यावं अशी. एलेउतेरियोकाका तिच्या शेजारी. खेळ सुरू झाला. फिदेन्सियोनं चेंडू घेतला, दोघांना चकवलं, उडी मारली, आणि सगळं मैदान उठून ओरडलं. मावशी ओरडली नाही. तिनं फक्त तोंडावर हात ठेवला.

"चाळीस वर्षं हा आरडाओरडा मी स्वयंपाकघरात ऐकलाय," ती जरा वेळानं म्हणाली. मग एलेउतेरियोकाकाकडं न बघता तिनं विचारलं, "माझा रोहेलियो पण असाच उडी मारायचा?"

रोहेलियो तिचा थोरला. आठ वर्षं झाली सीमेपलीकडं, उत्तरेला कामाला जाऊन, रविवारी फोन येतो. गावासाठी दोन अंतिम सामने खेळला होता, आणि दोन्ही वेळा त्याची आई शंभर पावलांवर मोले ढवळत होती. सेनाइदाला हे कधी सुचलंच नव्हतं.

"ह्याच्याहून उंच," काका म्हणाला. "दुसऱ्या वर्षी शेवटचा चेंडू टोपलीत त्यानंच टाकला. लोकांनी खांद्यावर घेतला होता."

"सांगत होता," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, फुशारकी मारतोय."

मावशी कडेवरून सरकून आत बसली आणि सामना संपेपर्यंत उठली नाही. आम्ही दोन गुणांनी हरलो, गोऱ्हा सान हासिंतोला गेला, आणि लोक शिव्या देत, हसत उठायला लागले. मावशीनं गुडघ्यावर हात टेकले, सेनाइदाचा खांदा धरला आणि उठली.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "भांडी आधी, सामना मागून. सिरिलोला आत्ताच सांगून ठेव. आणि मला इथंच जागा धरायची, ह्याच पायरीवर."